हरणांच्या टेहळणीसाठी भरवशाचा ट्रेल कॅमेरा कोणता घ्यावा?

सस्क्वेहानाकाठ (पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी,

शिकारीबद्दल लिहिणारे इथे मोजकेच आहेत, पण जे आहेत त्यांची बरीच वर्षं रानात गेली आहेत. म्हणून हा धागा.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेला टायोगा काउंटीत एका डेअरीवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर मी व्हाइटटेल हरणांची शिकार करतो. सव्वाशे एकरांच्या आसपास जागा आहे. खाली मका आणि गवताची कुरणं, मधून ओढा, वर ओक आणि बीचचं जंगल. हरणं मक्याची नासाडी करतात म्हणून मालकांनी आपणहून परवानगी दिली. धनुष्यबाणाचा हंगाम ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतो, रायफलचा थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी. मचाण कुठे बांधायचं ते मला त्याआधी ठरवायचंय. त्यासाठी हरणं कुठून येतात, किती वाजता येतात आणि त्यांत नर कोणकोणते आहेत, हे कळायला हवं. म्हणून ट्रेल कॅमेरा, म्हणजे झाडाला बांधून ठेवला की जनावर समोर आल्यावर आपोआप फोटो काढणारा.

गेल्या हंगामात एक स्वस्तातला कॅमेरा लावला होता, कंपनीचं नाव घेत नाही. कार्डावर ढिगाने फोटो, आणि त्यातले बहुतेक रिकामे, नुसतं हलणारं गवत. हरीण सापडलं तर फ्रेमच्या कडेला त्याचं पांढरं शेपूट तेवढं. थंडी वाढली तसे रात्रीचे फोटो काळे यायला लागले आणि डिसेंबरात कॅमेरा बंदच पडला. कंपनीला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

आता दोन कॅमेरे घ्यायचे आहेत. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण जे रानात घडलं ते कार्डावर दिसायला हवं. काय बघून घ्यावं?

रानोमाळ (विस्कॉन्सिन)

तुमच्या तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी मेगापिक्सेल बाजूला ठेवा. खोक्यावर ३०, ४० काहीही छापलेलं असतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या आतला सेन्सर त्याहून कितीतरी लहान असतो आणि उरलेले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. फाइल फुगते, कार्ड लवकर भरतं, शिंगांची टोकं काही जास्त स्पष्ट दिसत नाहीत. टेहळणीसाठी सेटिंगमधलं सगळ्यात कमी रिझोल्यूशनसुद्धा पुरतं.

बघायचं ते ट्रिगर आणि रिकव्हरी. हरणाची चाहूल लागल्यापासून फोटो निघेपर्यंत जो वेळ जातो तो ट्रिगर. चांगल्या कॅमेऱ्यात तो अर्ध्या सेकंदाच्या आत असतो. तुम्हाला नुसती शेपटं मिळाली याचं हे एक कारण. एक फोटो काढून कॅमेरा पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ म्हणजे रिकव्हरी. याबद्दल खोक्यावर कुणी ठळक लिहीत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. नोव्हेंबरात माजाच्या दिवसांत मादी पुढे पळते आणि नर काही सेकंदांनी तिच्या मागावर येतो. कॅमेऱ्याने मादीचा फोटो काढून तो कार्डावर लिहिण्यात अर्धं मिनिट घालवलं, तर नर येऊन गेलेला तुम्हाला कळतच नाही. तुम्ही समजता, या वाटेवर फक्त माद्या आहेत, आणि मचाण दुसरीकडे बांधता.

माझ्याकडे रेकॉनिक्सचे कॅमेरे आहेत. आमच्याच राज्यात, होल्मन गावी बनतात. हायपरफायर २ ला ५ वर्षांची हमी आहे, किंमत चारशे डॉलरच्या पुढे. वर्षानुवर्षं एकाच झाडावर ठेवायचा असेल तर तो घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुम्हाला दोन हवेत, तर ब्राउनिंगच्या मधल्या किमतीच्या कॅमेऱ्यांत ट्रिगर आणि रिकव्हरी दोन्ही चांगले मिळतात. दोन्ही कॅमेरे एकाच मॉडेलचे घ्या. बॅटऱ्या, मेनू, पट्टे, पेट्या सगळं एकसारखं राहतं. शिवाय दोन जागांची तुलना करताना फरक कॅमेऱ्यामुळे पडला की जागेमुळे, ही शंका उरत नाही.

सर्किटवाला (न्यू जर्सी)

मी शिकार करत नाही, पण सेन्सरवर काम करतो. रिकाम्या फोटोंचं कोडं इथे उलगडतं, म्हणून लिहितो.

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला जी दुधी प्लॅस्टिकची भिंगासारखी पट्टी दिसते तिच्यामागे पीआयआर सेन्सर असतो. तो हालचाल बघत नाही, उष्णतेतला बदल बघतो. आत दोन भाग असतात आणि त्यांच्यातला फरक मोजला जातो. पट्टीवरची फ्रेनेल भिंगं समोरच्या जागेचे उभे पट्टे पाडतात. गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की सेन्सर कॅमेऱ्याला उठवतो.

यातून दोन गोष्टी निघतात. हरीण आडवं गेलं तर सेन्सरला लगेच कळतं, सरळ कॅमेऱ्याकडे चालत आलं तर फार उशिरा, कारण ते बराच वेळ एकाच पट्ट्यात असतं. दुसरं, उन्हाने तापलेलं पान किंवा गवताचं पातं वाऱ्याने हललं तर सेन्सरसाठी तोही उष्णतेतला बदलच. तुमचे रिकामे फोटो दुपारचे आहेत का, ते वेळ बघून तपासा. तसं असेल तर तो कॅमेरा जितका वाईट वाटतो तितका नसेलही. समोरचं गवत कापायला हवं होतं.

उन्हाळ्यात हवेचं तापमान हरणाच्या अंगाच्या पृष्ठभागाइतकं झालं की फरकच उरत नाही आणि कितीही महाग कॅमेरा अर्धवट आंधळा होतो. जुलैच्या दुपारी हरीण दिसलं नाही यावरून ते आलंच नाही असं धरू नका.

आता बॅटरी. रात्रीच्या काळ्या फोटोंचं आणि डिसेंबरातल्या बंद पडण्याचं कारण जवळजवळ नक्की अल्कलाइन सेल. त्यांचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि थंडीत आणखी बसतो. इन्फ्रारेड फ्लॅशला एकदम जोराचा करंट लागतो, तो मिळत नाही, म्हणून दिवसाचे फोटो ठीक आणि रात्रीचे काळे. लिथियम एए सेल घ्या, म्हणजे १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे. ते उणे ४० सेल्सिअसपर्यंत काम करतात. त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे कॅमेऱ्यातल्या टक्केवारीवर विसंबू नका. पुन्हा चार्ज होणारे एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचे. आठ सेलमध्ये १२ ऐवजी ९.६ व्होल्टच मिळतात. काही कॅमेरे ते चालवून घेतात, काही नाही, म्हणून घेण्याआधी माहितीपुस्तिका वाचा. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नका.

लोनस्टारकर (टेक्सास)

एवढं सगळं ठीक, पण आता सेल्युलर कॅमेराच घ्यावा असं माझं मत. टॅक्टाकॅम, स्पायपॉइंट, मोल्ट्री, सगळ्यांचे आहेत. फोटो थेट फोनवर येतो. सोय हा त्याचा लहान फायदा आहे. मोठा फायदा असा की कार्ड काढायला रानात जावं लागत नाही. दर आठवड्याला माणसाचा वास पसरवत गेलात तर मोठे नर त्या वाटेने यायचं सोडतात. आमच्याकडे खाजगी जमिनीवर मक्याचे फीडर, म्हणजे हरणांसाठी दाणे टाकणारे डबे, चालतात, कॅमेरे तिथेच लावलेले असतात, आणि एकदा लावले की मी महिनोन्महिने तिकडे फिरकत नाही. दरमहा शुल्क पडतं, तेवढं मात्र धरून चाला.

सस्क्वेहानाकाठ (पेनसिल्व्हेनिया)

रानोमाळ, सर्किटवाला, मनापासून आभार. आत्ताच जुने फोटो उघडले. रिकामे बहुतेक सगळे सकाळी दहा ते दुपारी चारमधले!

लोनस्टारकर, वासाचा मुद्दा पटतो. पण खालच्या कुरणात मोबाइलला जेमतेम एक काडी मिळते आणि ओढ्याकाठी काहीच नाही. वरच्या डोंगरधारेवर मात्र बऱ्यापैकी नेटवर्क आहे. यावर काही उपाय?

रानोमाळ (विस्कॉन्सिन)

कमी नेटवर्कमध्ये सेल्युलर कॅमेरा लावू नका. फोटो पाठवायची खटपट करत राहतो आणि बॅटऱ्या संपवतो.

कडबॅकची कडलिंक पद्धत तुमच्या जागेला बसू शकते. त्यात कॅमेरे आपसांत रेडिओने बोलतात आणि सगळे फोटो एका मुख्य कॅमेऱ्याकडे जमा होतात. मुख्य कॅमेरा धारेवर, बाकीचे खाली. पण त्याची खरी मजा चार-सहा कॅमेऱ्यांना. दोनांसाठी साधे कार्डवाले घ्या आणि तपासायला जाण्याची वेळ सांभाळा. भर दुपारी जा, शक्यतो पावसाच्या आधी, रबरी बूट घालून. मालक ट्रॅक्टर घेऊन कुरणात जात असतील तर त्यांच्याबरोबर जा. ट्रॅक्टरची हरणांना सवय असते.

साधा_माणूस (पुणे)

मला राहवलं नाही म्हणून लिहितोय, कुणाला दुखवायचा हेतू नाही. ज्या जनावराचे महिनोन्महिने फोटो बघायचे, शिंगांवरून ज्याला ओळखायचं, त्यालाच शेवटी मारायचं? इतका चांगला कॅमेरा हाताशी असताना फोटोवर समाधान का मानू नये? हरीण म्हटलं की आपल्याकडे मनात वेगळीच भावना येते.

सस्क्वेहानाकाठ (पेनसिल्व्हेनिया)

प्रश्न योग्य आहे. इथे आल्यावर सुरुवातीला मलाही तो पडला होता.

इथलं चित्र समजून घ्या. १९०० च्या सुमारास बेसुमार शिकार आणि जंगलतोडीमुळे पेनसिल्व्हेनियात हरणं जवळजवळ संपली होती. राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यजीवांचं खातं, १८९५ मध्ये स्थापन झालं आणि १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं आणून सोडली गेली. लांडगे आणि प्यूमा तोवर नाहीसे झाले होते, त्यामुळे हरणं वाढली ती वाढतच गेली. जंगलातली ओकची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत खाल्ली जातात. म्हातारी झाडं उभी आहेत पण त्यांच्याखाली नवी पिढी नाही, असे उतार मी स्वतः दाखवू शकतो. रस्त्यावर गाड्यांखाली हरणं मरतात, माणसंही मरतात. शिकार इथे परवाना, प्रशिक्षण आणि ठरलेल्या संख्येत होते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला आहे. आम्ही मांस वाया घालवत नाही. जास्तीचं ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ या उपक्रमातून अन्नछत्रांना जातं, तो १९९१ पासून चालू आहे.

आणि कॅमेऱ्यामुळेच काय सोडायचं ते कळतं. कुठल्या मादीबरोबर अजून लहान पाडस आहे, कुठला नर कोवळा आहे, हे आधी माहीत असलं की मचाणावर बसल्यावर गडबड होत नाही. तुमची भावना मला परकी नाही. तिच्यामुळेच मी बाण सोडण्याआधी जास्त थांबतो.

मेळघाटी (अमरावती)

साधा_माणूस, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे चितळ-सांबर हे वाघ, बिबट्या, रानकुत्र्यांचं अन्न आहे. तिथे लांडगे-प्यूमासारखे मोठे शिकारी प्राणी उरलेले नाहीत. दोन्ही देशांचा हिशेब वेगळा आहे.

मी वनविभागाच्या वाघांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून कॅमेरा ट्रॅप लावले आहेत, त्या अनुभवातलं थोडं सांगतो. आपल्याकडे २ चौरस किलोमीटरचे चौकोन आखून प्रत्येकात समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटायला दोन्ही बाजू लागतात. पट्टे स्वच्छ दिसावेत म्हणून पांढऱ्या फ्लॅशचे कॅमेरे बरेच वापरले गेले. २०१८ च्या गणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले, त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. त्यातले वाघांचे ७६,६५१ होते. बाकी मोठा भाग चितळ, सांबर, गुरं, माणसं आणि गवताचा! त्यामुळे रिकाम्या फोटोंनी निराश होऊ नका.

सर्किटवाल्यांनी उष्णतेचं सांगितलं ते विदर्भात मे महिन्यात पदोपदी दिसतं. दुपारी पाणवठ्यावर सांबर उभं असतं आणि कॅमेरा गप्प. पहाटे तोच कॅमेरा सशालाही पकडतो.

आमच्याकडे कॅमेऱ्याचे खरे शत्रू म्हणजे दमट हवा, मुंग्या आणि वानरं. रबरी सील नीट बसलंय का ते पेटी बंद करताना बोट फिरवून बघा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती बदलत राहा. नव्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी मी दाराचं सील आणि बिजागरी बघतो. इलेक्ट्रॉनिक्स कितीही उत्तम असलं तरी पाणी शिरलं की संपलं. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राखीव जंगलात परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका.

पाऊलखुणा (व्हर्जिनिया)

मेळघाटीदादांनी पांढऱ्या फ्लॅशचा विषय काढला म्हणून आठवलं. हरणाचे रात्रीचे पहिले गाजलेले फोटो पेनसिल्व्हेनियाच्याच माणसाने काढले. जॉर्ज शिरास हे तिथले काँग्रेस सदस्य होते. वाटेवर तार आडवी बांधायची, हरणाचा पाय लागला की फ्लॅशची पूड पेटायची. त्यांचे ७४ फोटो जुलै १९०६ च्या नॅशनल जिओग्राफिकमध्ये छापून आले. पुढे १९२० च्या दशकात भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी तीच युक्ती वापरून वाघांचे फोटो काढले. सस्क्वेहानाकाठ, तुम्ही तुमच्याच मातीतली परंपरा चालवताय!

आता कामाचं. इन्फ्रारेड फ्लॅश दोन तऱ्हेचे असतात. ८५० नॅनोमीटरवाल्यात दिवे पेटताना मंद लाल ठिपके दिसतात. ९४० वाला डोळ्यांना दिसतच नाही, त्याला नो-ग्लो म्हणतात. नो-ग्लोचा प्रकाश कमी लांब जातो आणि फोटो जरा दाणेदार येतो. लाल ठिपक्यांकडे काही हरणं मान वळवून बघतात, बरीचशी चरत राहतात. माझ्या मते कुरणाच्या कडेला, जिथे अंतर जास्त आहे, तिथे ८५० चांगला. अरुंद वाटेवर आणि जिथे माणसांची ये-जा आहे तिथे ९४०. रात्री चोराला कॅमेऱ्याची जागा दाखवायला लाल ठिपके पुरेसे असतात.

जागेबद्दल माझा अनुभव असा. आत्ता जुलै आहे, नरांची शिंगं वाढताहेत, त्यांच्यावरची मखमल, म्हणजे मऊ केसाळ कातडी, अजून गळलेली नाही. या दिवसांत नर चार-पाचच्या टोळीने उघड्यावर चरतात. म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत एक कॅमेरा कुरणाच्या कोपऱ्यावर ठेवा, कोणकोण आहे ते कळेल. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते, टोळ्या फुटतात आणि काही नर दुसरीकडे मुक्काम हलवतात. मोठ्या नराचा वावर साधारण एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकरांचा धरतात. तुमच्या सव्वाशे एकरांत तो अधूनमधून येणारा पाहुणा आहे. उन्हाळ्यात दिसलेला नर शिकारीच्या वेळी असेलच असं नाही, आणि ऑक्टोबरअखेर अचानक अनोळखी नर दिसायला लागतात.

तेव्हा कॅमेरा स्क्रेपवर न्या. नर खुरांनी माती उकरतो आणि वरची फांदी चघळून, तोंड घासून आपला वास ठेवतो, ती जागा. एकाच जागी अनेक नर येतात. तिथे फोटोऐवजी दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ ठेवा. नर कुठल्या दिशेने आला आणि कुठे गेला हे फोटोत दिसत नाही.

मीठ किंवा खाद्य टाकून कॅमेऱ्यासमोर हरणं जमवायचा मोह होतो, तो आवरा. टेक्सासची गोष्ट वेगळी. पेनसिल्व्हेनियात आग्नेय भागातली खास तरतूद सोडली तर आमिषावर शिकार बेकायदा आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा रोग तिथे २०१२ मध्ये सापडला, आणि त्यासाठी आखलेल्या क्षेत्रांत हरणांना खायला घालायलाच बंदी आहे. त्या रोगाला औषध नाही. एका ढिगात दहा हरणांनी तोंड घातलं की लाळेतून तो पसरतो. यात तडजोड करू नये असं मला अगदी कळकळीने वाटतं.

डोंगरदरी (ॲरिझोना)

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या राज्यात १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या मदतीसाठी ट्रेल कॅमेरा वापरायलाच बंदी आहे, खाजगी जमिनीवरसुद्धा. इथे वाळवंटात पाणवठे मोजके. एकेका पाणवठ्याभोवती कॅमेऱ्यांची रांग लागायची, कार्ड काढायला माणसांची वर्दळ, आणि जनावरं तहानलेली लांब उभी. नेवाडात सार्वजनिक जमिनीवर ऑगस्ट ते डिसेंबर बंदी, युटानेही २०२२ मध्ये हंगामापुरते निर्बंध आणले. शिकारीतल्या विक्रमी जनावरांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या नोंदवहीत थेट फोनवर आलेल्या फोटोवरून लगेच जाऊन मारलेलं जनावर घेत नाहीत. लोनस्टारकर, तुमच्याकडे ते कायदेशीर आहे हे मला मान्य, पण फोटो आला की बंदूक घेऊन निघायचं, याला मी शिकार म्हणणार नाही.

लोनस्टारकर (टेक्सास)

डोंगरदरी, मीही तसं करत नाही. फोटो रात्री एकदम बघतो आणि पुढच्या आठवड्याचा विचार करतो. पाणवठ्यांचं तुम्ही लिहिलंत ते माहीत नव्हतं. असं असेल तर बंदी रास्त आहे.

रानोमाळ (विस्कॉन्सिन)

आणखी काही बारीक गोष्टी, ज्यांच्यावरून अख्खा हंगाम फुकट जाताना पाहिला आहे.

कार्ड ३२ जीबीचं घ्या, नामांकित कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून. बाजारात नकली कार्डं खूप आहेत आणि कॅमेरा बिघडला म्हणून परत केले जातात त्यातल्या बऱ्याच वेळा दोष कार्डाचा असतो. प्रत्येक कॅमेऱ्याची दोन कार्डं ठेवा, त्याच कॅमेऱ्यात फॉर्मॅट करा आणि अदलाबदल करू नका. फोटो खोडायचे असतील तर संगणकात नको, कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा.

कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून लावा. पूर्व-पश्चिमेला सूर्य समोर येतो आणि नेमक्या हरणांच्या वेळी फोटो पांढरा होतो. वाटेला काटकोनात नको, तिरपा लावा. सर्किटवाल्यांनी सांगितलेला आडवं जाण्याचा फायदाही मिळतो आणि हरीण फ्रेममध्ये जास्त वेळ राहतं. उंची कमरेएवढी, वाटेपासून दहा-पंधरा पावलं. बारीक झाडाला बांधू नका, वाऱ्यात झाड डोललं की पुन्हा रिकामे फोटो.

घड्याळ! नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, आपल्या झाडावरचं तसंच राहतं. ऐन माजाच्या दिवसांत फोटोवरची वेळ तासाने चुकते. पेनसिल्व्हेनियात हरणांची शिकार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच करता येते, तेव्हा हा एक तास म्हणजे सगळंच.

चोरीसाठी पोलादी पेटी आणि केबल कुलूप. खाजगी जमीन असली तरी लावाच.

सस्क्वेहानाकाठ (पेनसिल्व्हेनिया)

मंडळी, दोन महिन्यांनी परत आलोय, काय झालं ते सांगायला.

ब्राउनिंगचे मधल्या किमतीचे दोन नो-ग्लो कॅमेरे घेतले, एकाच मॉडेलचे. रानात न्यायच्या आधी परसात लावून बायको-मुलांना समोरून वेगवेगळ्या अंतरांवर चालायला लावलं, एकामागोमाग एक. दुसरा माणूस किती सेकंदांनी आला तर सापडतो, हे त्यातून कळलं. घेणाऱ्या प्रत्येकाने हे घरी करून बघावं, कारण घेतल्यावर सुरुवातीच्या दिवसांतच कॅमेरा परत करता येतो.

एक कॅमेरा मक्याच्या कोपऱ्यावर, दुसरा वर, जिथे धार जरा खाली उतरते त्या खिंडीसारख्या जागेत. लिथियम सेल, गवत कापलं, उत्तरेकडे तोंड. रिकामे फोटो आता अगदी थोडे.

मक्याच्या कोपऱ्यावर हरणं भरपूर, त्यांत चार नर, दोघांची शिंगं चांगली भरलेली. पण जवळजवळ सगळे फोटो रात्री नऊनंतरचे. वरच्या खिंडीत हरणं कमी, पण तेच दोन नर सूर्यास्ताच्या आसपास खाली जाताना दिसतात. मालकांना फोटो दाखवले तेव्हा ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या काळापासून हरणं त्याच खिंडीतून उतरतात. मचाण वर बांधावं असं वाटतंय. बरोबर ना?

पाऊलखुणा (व्हर्जिनिया)

अगदी बरोबर. दिवसा ती वरच्या जंगलात बसतात आणि अंधार पडल्यावर मक्यात पोचतात. वाटेवर तुम्ही त्यांना उजेडात गाठताय. वर पांढरे ओक आहेत का ते आत्ताच बघून या. त्यांची फळं लाल ओकपेक्षा कमी तुरट असतात आणि सप्टेंबरपासून पडायला लागतात. ती पडली की हरणं मका सोडून तिकडे जातात. खालच्या कॅमेऱ्यात अचानक काहीच दिसेनासं झालं तर हरणं कुठे गेली म्हणून घाबरू नका, खालचा कॅमेरा उचलून ओकखाली न्या.

रानोमाळ (विस्कॉन्सिन)

मचाण खिंडीतच, पण तुमच्याकडे बहुतेक वेळा वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा वाटेच्या पूर्व बाजूच्या झाडावर. आणि आता तिथलं सगळं काम याच आठवड्यात उरका, फांद्या छाटणं, पट्टे बांधणं, कार्ड बदलणं. त्यानंतर हंगाम उघडेपर्यंत वर जाऊ नका. खालचा कॅमेरा हवा तितका तपासा. वरचा जे टिपेल ते पहिल्या दिवशी मचाणावरून उतरताना बघा.